उतारावरची राजधानी

क्योटोतील बहुतेक देवळांचे दरवाजे संध्याकाळी पाचाच्या सुमारास बंद होतात, आणि त्यानंतर त्या शहरात पाहण्याजोगे काही उरते किंवा नाही, एवढ्या एका प्रश्नावरून माझे स्नेही तात्या आणि त्यांची भाची कुंदा यांच्यात जो वाद जुंपला, तो मध्यरात्र उलटून गेली तरी मिटण्याचे लक्षण दिसेना. तात्यांची सारी हयात पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल सोडण्यात आणि बांधण्यात गेलेली. ज्या गोष्टीस कागदाचा आधार नाही आणि जी लख्ख उजेडात वाचता येत नाही, तिजविषयी त्यांना उपजतच संशय. उलट कुंदा तेथील विद्यापीठात संशोधनासाठी राहिलेली. प्रयोगशाळेतून सुटायला तिला नित्य रात्र होत असल्यामुळे हे शहर ती जवळजवळ सर्वस्वी अंधारात आणि सायकलीवरूनच शिकलेली. कामो आणि ताकानो या नद्यांचा जेथे संगम होतो, त्या देमाचीयानागी भागातल्या तिच्या दोन खोल्यांत आम्ही उतरलो होतो. मला त्या वादात पंचाचा अधिकार कोणीही दिला नव्हता. दोघांच्याही बाजूने आळीपाळीने बोलून दोघांचाही रोष ओढवून घेणारा तिसरा इसम, एवढीच माझी भूमिका.

“पाच वाजता कवाडे लागली,” तात्या म्हणाले, “म्हणजे शहराने आपले दफ्तर बंद केले. त्यानंतर तू सायकलीवर बसून हिंडतेस, ते पाहतेस तरी काय? बंद दरवाजे?”

“दरवाजे बंद होतात म्हणूनच तर शहर दिसू लागते, मामा. दिवसा ते उघडे असतात तोवर माणूस एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजात जातो. दोन दरवाजांच्या मधे जे शहर असते ते त्याच्या दृष्टीने केवळ बसमध्ये घालवलेला वेळ. आणि दरवाजाच्या आत काय दाखवतात? इमारती. त्या इमारती केव्हाच्या, ते तुम्हीच सांगा.”

हा प्रश्न तात्यांच्या अधिकारक्षेत्रातला असल्यामुळे त्यांनी तत्परतेने उत्तर दिले, आणि त्या उत्तरानेच आपण प्रतिपक्षाची बाजू बळकट करीत आहो हे त्यांच्या ध्यानात जरा उशिराच आले. 794 साली कान्मू सम्राटाने येथे राजधानी वसविली. त्या काळची एकही इमारत आज उभी नाही. 1467 पासून 1477 पर्यंत ओनिनचे युद्ध शहराच्या रस्त्यांतूनच लढले गेले आणि उत्तरेकडील अर्धे शहर बेचिराख झाले. पुढे 1788 च्या आगीत आणि पुन्हा 1864 च्या बंडाळीत जे वाचले होते त्यातलेही बरेचसे गेले. जुन्या शहराच्या हद्दीत उभी असलेली सर्वांत जुनी वास्तू म्हणजे सेनबोन शाकादो हे देऊळ, आणि तेही 1227 सालचे. प्रवासी ज्याला राजवाडा समजून पाहतात त्याच्या सध्याच्या इमारती 1855 च्या. हेइआन नावाचे तांबडे-हिरवे देवस्थान तर 1895 साली, राजधानीच्या अकराशेव्या वर्षाच्या निमित्ताने, मूळच्या पाच-अष्टमांश मापाने बांधलेले.

“म्हणजे दिवसा आपण पाहतो ती नक्कल,” कुंदा म्हणाली. “अस्सल म्हणावे असे या शहरात दोनच ऐवज आहेत, आखणी आणि उतार. चीनमधल्या छांगआन नगराचा नमुना पुढे ठेवून पूर्वपश्चिम साडेचार आणि दक्षिणोत्तर सव्वापाच किलोमीटरांचा आयत आखला, त्यात सरळ रस्ते ओढले, आणि तो सबंध आयत उत्तरेच्या डोंगरांकडून दक्षिणेकडे हळूहळू कलत्या जमिनीवर ठेवला. तोजी देवळाचा पाच मजली मनोरा, जपानातला सर्वांत उंच लाकडी मनोरा, जवळपास 55 मीटरांचा. त्याचे टोक आणि उत्तरेकडच्या किताओजी रस्त्याची जमीन एका पातळीत आहे, असे इथले लोक सांगतात. ही गोष्ट दिवसा कोणाच्या लक्षात येईल? दिवसा डोळे पाट्यांवर असतात, नाहीतर गर्दीवर. रात्री दहानंतर दुकानांची झापे पडली, बस थांबल्या, की रस्ता म्हणजे निव्वळ एक रेघ राहते. दूरपर्यंत एकामागे एक लागलेले हिरवे दिवे दिसतात, आणि पेडल न मारता सायकल दक्षिणेला आपोआप चालू लागते.”

“आखणी मोजायची तर पायांनी मोज! आमचे जमाबंदीचे कारकून साखळी घेऊन रानोमाळ चालतच हिंडले.”

“चालणाऱ्याला हा उतार जाणवत नाही, मामा, इतका तो सौम्य आहे, आणि मोटारीत बसलेल्याला कुठलाच उतार जाणवत नाही. सायकलवाल्याला मात्र तो जाताना फुकट मिळतो आणि येताना व्याजासह फेडावा लागतो. इथे पत्ता सांगतानाही उत्तरेकडे जाण्याला चढणे म्हणतात, दक्षिणेकडे जाण्याला उतरणे. टॅक्सीत ऐकले तर तो नुसता रिवाज वाटतो. रात्री अकराला सातव्या रस्त्यावरून घरी परतताना पोटऱ्यांना विचारावे.”

मला हा युक्तिवाद मनापासून आवडला, आणि मी तसे म्हणालोही. परंतु तात्यांनी माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की जणू मी बनावट सनदेवर साक्ष घातली होती. ते म्हणाले, “तुम्ही दोघे ज्याला कान्मूची रेघ म्हणता तिच्यावर खाडाखोड किती आहे, याची काही दाद आहे का? त्याने मधोमध सुझाकु नावाचा जो राजमार्ग ओढला तो 84 मीटर रुंद. आज त्याच्या जागी सेनबोन नावाचा जो रस्ता आहे तो तर चारचौघांसारखा रस्ता! पश्चिमेकडचा अर्धा भाग दलदलीचा. तिथे वस्ती टिकलीच नाही. 982 साली एका दरबारी विद्वानाने आपल्या घरातल्या तळ्यावर लिहिलेल्या टिपणात पश्चिमेची घरे ओस पडल्याचे स्वच्छ नमूद करून ठेवले आहे. शहर सरकत सरकत पूर्वेला, कामो नदीवर आले. त्यानंतर हिदेयोशी नावाचा सरदार आला. त्याने मधल्या चौकांच्या पोटातून नवे रस्ते कापले, देवळे उचलून एका ओळीत पूर्वेच्या कडेला नेऊन बसविली, आणि 1591 साली सबंध शहराभोवती सव्वाबावीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा मातीचा कोट घातला. तू ज्या रेघेवरून सायकल सोडतेस ती निम्मी सम्राटाची आणि निम्मी त्या सरदाराची. अंधारात दोन्ही सारख्याच सरळ दिसतात, हाच तर अंधाराचा दोष!”

हा मुद्दा निरुत्तर करणारा होता, असे माझे आजही मत आहे. कुंदालाही ते कळले असावे, कारण ती काही वेळ गप्प बसली आणि मग एक प्रश्न तेवढा विचारती झाली. “एखाद्या कागदावर खाडाखोड झाली, मामा, म्हणून तो कागद तुम्ही रुमालातून काढून फेकता का?”

तात्या हसले. हसणे ही त्यांच्या बाबतीत अर्धी कबुली असते.

मग कुंदाने राशोमोनची हकीकत सांगितली, आणि माझ्या मते तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच. सुझाकु राजमार्गाच्या दक्षिण टोकाला राजधानीचे महाद्वार होते. दक्षिणेच्या वाटेने आत येणाऱ्याने, मग तो गवताच्या भाऱ्यांचा मालक असो की समुद्रापलीकडील बोहाई राज्याचा वकील असो, त्या द्वाराखालूनच नगरात शिरायचे. 980 सालच्या वादळात ते कोसळले आणि पुन्हा कधीच बांधले गेले नाही. अकुतागावाने 1915 मध्ये त्याच्या भग्न अवस्थेवर कथा लिहिली, आणि 1950 मध्ये कुरोसावाने तेच नाव आपल्या चित्रपटाला दिले; त्या चित्रपटाला पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये सुवर्णसिंह मिळाल्यामुळे, हजार वर्षांपूर्वी जमीनदोस्त झालेल्या या दरवाजाचे नाव ज्यांना क्योटो नकाशावरही दाखवता येणार नाही अशा लोकांच्या तोंडी बसले. त्या जागी आज काय आहे? तोजीच्या पश्चिमेला, नवव्या रस्त्याच्या कडेला, घरांच्या मागे लपलेली मुलांची एक छोटी बाग. तीत एक घसरगुंडी, आणि कठड्याच्या आत उभा केलेला एक दगडी खांब.

“मी दिवसा तिथे गेले होते,” कुंदा म्हणाली, “आणि खांबावरची अक्षरे वाचून दोन मिनिटांत परत फिरले. पुढे एकदा रात्री उशिरा त्या बाजूला काही कामाने गेले होते, आणि परतताना सहज म्हणून त्या बागेपासूनच उत्तरेला निघाले. रस्ता वाटेत रेल्वेच्या आवारापाशी तुटतो, वळसा घ्यावा लागतो. पण वळसा संपला की तो पुन्हा नेमका त्याच रेषेवर येतो. चढ सुरू होतो. चौथा रस्ता गेला, तिसरा गेला, दुसरा गेला. मारुतामाचीच्या चौकाशी पोचेपर्यंत मी चांगलीच दमले होते, आणि तिथे पुन्हा एक लहानशी बाग, पुन्हा एक दगड: सम्राटाच्या सिंहासन-मंदिराची जागा. या दोन दगडांच्या मधे कान्मूच्या वेळचे काहीही उभे नाही. पण अंतर तेवढेच आहे, मामा, आणि चढही तोच आहे. जो कोणी दरवाजातून आत आला त्याला राजाकडे जाताना सबंध वाटभर चढत जावे लागले. हे मला कोणत्या इमारतीने सांगितले असते?”

“स्टेशनसमोरच्या चौकात त्या द्वाराची दशांश मापाची लाकडी प्रतिकृती आहे, ती मी आज सकाळीच पाहिली,” तात्या म्हणाले. “कौलांची संख्यासुद्धा मोजता येते.”

“कौले मोजता येतात, पण त्या दरवाजाखालून आत शिरता येत नाही.”

यावर तात्यांनी विषय बदलला, आणि तो बदलताना सुरातली धारही वाढविली. त्यांचा खरा आक्षेप आता बाहेर आला. रात्र ही खुशामती आहे, असे त्यांचे म्हणणे. दिवसा या शहरातले विजेच्या तारांचे जंजाळ दिसते, जुन्या घराच्या शेजारी उभे राहिलेले सिमेंटचे खोके दिसते, पाडलेल्या घराच्या जागी केलेला मोटारींचा तळ दिसतो. रात्री यातले काहीच दिसत नाही, लाकडी जाळीतून झिरपणारा पिवळा उजेड तेवढा दिसतो, आणि बघणारा म्हणतो, काय हे प्राचीन नगर! “ही अंधाराची मेहेरबानी. शिवाय हा अंधारही पुराणा नाही. तो नगरपालिकेच्या ठरावाने आला आहे. 2007 साली त्यांनी कायदा करून मध्यवस्तीतल्या इमारतींची कमाल उंची 45 मीटरांवरून 31 वर आणली, छपरावरच्या जाहिराती आणि उघडझाप करणारे दिवे बंद पाडले. ठीक आहे, उत्तम केले. पण त्याला हेइआन काळाची रात्र म्हणू नका. उलट विजेचा शौक या शहराने फार लवकर केला. राजधानी तोक्योला गेल्यावर पोट भरेना, म्हणून बिवा सरोवरापासून डोंगर फोडून कालवा आणला. त्याच्या पाण्यावर 1891 पासून केआगे येथे वीज होऊ लागली, आणि 1895 साली जपानातली पहिली विजेची ट्राम धावली ती इथेच.”

“आणि 1978 साली ती बंद केली,” मी म्हणालो. माझे हे विधान कोणाच्याच उपयोगाचे नव्हते, म्हणून दोघांनीही ते सोडून दिले.

कुंदा म्हणाली, “तानिझाकीने अंधाराची स्तुती लिहिली 1933 मध्ये, पण त्या निबंधाचा आरंभच मुळी घर बांधताना विजेच्या तारा कुठे दडवाव्या या विवंचनेने होतो. अंधार आणि वीज यांची भानगड त्यालाही सुटलेली नव्हती. म्हातारपणी तो क्योटोत राहिला, आणि पुरला गेला तोही इथेच, होनेन-इनच्या आवारात. खुशामतीचे म्हणाल तर दिवस काय कमी खुशामती आहे? सोनेरी मंदिर 1955 मध्ये पुन्हा बांधलेले. उन्हात ते इतके झळकते की कोणी साल विचारतच नाही.”

या टप्प्यावर तात्यांनी आपला शेवटचा आणि, माझ्या दृष्टीने, सर्वांत वजनदार मुद्दा काढला. जुन्या क्योटोत प्रत्येक पेठेच्या तोंडाशी लाकडी फाटक असे, आणि रात्री ते लावून घेत. रात्री हिंडणारा अनोळखी इसम हा जिज्ञासू समजला जात नसे. तो संशयित समजला जाई. आपल्याकडेही पेशवाईत रात्रीची तोफ झाल्यावर पुण्याच्या रस्त्यात सापडलेल्यास कोतवालाच्या चावडीत उजाडेपर्यंत बसावे लागे. यामागे केवळ चोराचिलटांचे भय नव्हते. दिवस बाजाराचा आणि रात्र घराची, अशी ती वाटणी होती. “परक्याने दिवसा यावे, दाम मोजावा, पाहावे आणि जावे. रात्रही त्यालाच हवी असेल तर राहणाऱ्याने आपले म्हणून काय ठेवायचे? त्या गियोन भागात खासगी गल्ल्यांतून प्रवाशांस 2024 पासून मनाई आहे, दहा हजार येन दंड आहे, तो काय उगाच?”

येथे मी तात्यांच्या बाजूने उभा राहिलो आणि अजूनही उभा आहे. ज्याला आपण नीरव रात्र म्हणून अंगावर घेतो ती कोणाची तरी झोप असते. या शहरातली जुनी घरे रस्त्याला इतकी चिकटून आहेत, आणि त्यांच्या भिंती इतक्या पातळ, की खिडकीखालून गेलेल्या सायकलीचा ब्रेक करकरला तरी तो उशाशीच करकरतो. दबलेल्या आवाजात का होईना, बोलत बोलत जाणारी आठदहा माणसे, पुढे बावटा धरलेला वाटाड्या, अशी रात्रीच्या सहलीची जी फॅशन निघाली आहे तिच्याविषयी मला यत्किंचितही आस्था नाही.

कुंदाने वाद घातला नाही. “गियोनमध्ये मी रात्री जातच नाही,” ती म्हणाली. “पोन्तोचोतही नाही, त्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर अंग चोरावे लागते, तिथे चाके घालणे हा दांडगेपणा आहे. मी जाते ते मोठ्या रस्त्यांनी, नदीच्या काठाने, आणि राजवाड्याच्या आवारातून.”

राजवाड्याच्या आवाराचे नाव निघताच तिचा चेहरा उजळला. दरबारी उमरावांचे वाडे जिथे दाटीने होते, ती जागा सम्राट तोक्योला गेल्यावर मोकळी झाली. आता तिथे पाइनची झाडे, आणि वाड्याच्या भिंतीलगत मैदानाएवढे रुंद रस्ते, ज्यांवर जाड खडी पसरलेली. आवार रात्रीही खुले असते. खडीत सायकलीचे चाक रुतते. म्हणून जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चाकांनी खडी बाजूला सरत सरत एक वीतभर रुंदीची घट्ट वाट तयार झाली आहे. ती कोणी आखली नाही, तिच्याविषयी फर्मान नाही, तिची कोठे नोंद नाही. एवढ्या विस्तीर्ण रस्त्यावर सारे क्योटो त्या एका रेघेवरून जाते. रात्री आपल्या दिव्याच्या कवडशात ती चार हात पुढे उमटत राहते; समोरून दुसरा दिवा येताना दिसला की दोघांपैकी एकाला खडीत उतरावे लागते.

“उतरायचे कोणी?” तात्यांनी विचारले. प्रश्न कायद्याचा होता.

“नियम नाही. ज्याला आधी सुचेल त्याने. दुसरा मान लववून जातो.”

“बाराशे वर्षांपूर्वी सम्राटाने दोरी लावून रेघा आखल्या, आणि त्याच्याच वारसाच्या अंगणात रयतेने आपली वाकडी रेघ पाडली.” तात्या बराच वेळ तिच्यावर विचार करीत बसले. बिनकागदी ऐवजाविषयी त्यांनी एवढा वेळ विचार केलेला मी प्रथमच पाहिला. परंतु हार मानणे त्यांच्या स्वभावात नसल्यामुळे त्यांनी लगेच दुसरीकडून चढाई केली. “बरे, जुलैत त्या गियोनच्या देवाची यात्रा भरते. 869 साली रोगराईत सुरू झालेली. रथ निघण्याच्या आदल्या रात्रींना कंदील लागतात, पेठेतली जुनी घरे आपली जाळीची कवाडे उघडून आतले चित्रित पडदे रस्त्यावरून दिसतील असे मांडतात. रथांवर जे गालिचे लावतात त्यांतले काही आपल्या दख्खनच्या मागावरचे मानले जातात. डचांच्या जहाजांतून आलेले. ते पाहायला मी नक्की येईन. त्या रात्री तुझी सायकल चालते का?”

“नाही,” कुंदा म्हणाली. “गर्दी इतकी असते की रस्तेच वाहनांना बंद करतात.”

“म्हणजे ज्या रात्री हे शहर आपण होऊन दार उघडते, त्याच रात्री तुझी सायकल बाहेर!”

हा टोला इतका बिनतोड बसला की तात्यांचा सारा कडवटपणा त्यात निघून गेला, आणि ते एकदम व्यवहारावर आले. उद्या रात्री निघायचे झाल्यास अटी काय, याची त्यांनी यादीच सुरू केली. कुंदाने सरकारी अटी सांगितल्या: दिवा पेटलेला हवा, रस्त्याच्या डाव्या कडेने जायचे, एका सायकलीवर दोघे नाहीत, हातात छत्री नाही, फोन नाही, आणि दारूचा थेंब पोटात नाही, शिवाय रात्री पोलीस थांबवून सायकलीवरचा नोंदणीचा आकडा तपासू शकतो. हे शेवटचे कलम तात्यांना फार आवडले. मग त्यांनी स्वतःच्या अटी घातल्या: गल्लीत शिरायचे नाही, नऊला निघून अकराच्या आत परत, आणि आरंभ राशोमोनच्या दगडापासूनच करायचा, कारण वकील दक्षिणेकडूनच आत आले होते.

“पण तिथपर्यंत उतार आहे, मामा, आणि परतीची वाट सगळी चढाची. तुमच्यासाठी मी बॅटरीवर चालणारी सायकल भाड्याने आणते.”

तात्यांनी चष्मा काढला. “अगं, या शहराचा चढ पायांनी मोजायचा, हा तुझाच सिद्धान्त ना? मग बॅटरीने चढलेला चढ पुराव्यात धरायचा कसा?”

“पुराव्यात नका धरू,” कुंदा अंथरुणे घालता घालता म्हणाली. “गुडघ्यांनी मात्र धरले, तर परवाचा दिवसही हातचा जाईल, आणि परवा तुम्हाला निजोचा किल्ला पाहायचा आहे. तो पाचाला बंद होतो.”